खो-खोची नियमावली : शंभर वर्षांची वाटचाल

खेळाचे नवे नियम जाहीर झाले की मैदानावर दोन तट पडतात. एका तटाला वाटते, फारच थोडे बदलले, अजून धाडस हवे होते. दुसऱ्याला वाटते, आता हा आपला खेळ राहिलाच नाही. खो-खोला हे वाद नवे नाहीत. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवले. तेव्हापासून मैदानाचा आकार बदलला, लांबी घटली, खांब आले, गुणांची पद्धत बदलली, मातीच्या जागी मॅट आली. एवढे बदल पचवूनही खेळाचा गाभा शाबूत राहिला. तो कशामुळे राहिला, हे समजून घेतले तर पुढच्या आवृत्तीत किती बदलावे या प्रश्नाचे उत्तर सापडते. हा आढावा इंदूरहून लिहितो आहे. या वाटचालीतला एक टप्पा याच शहरात पार पडला. शिवाय महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांसाठी खो-खो हा शाळेच्या पटांगणावरून घरात आलेला खेळ आहे. त्याच्या नियमांचे काय होते, याच्याशी आमचा जवळचा संबंध आहे.

खांबाआधीचे मैदान

सुरुवातीच्या खो-खोला खांबच नव्हते. मध्यरेषेच्या दोन टोकांना त्यातल्या त्यात कच्चे गडी बसवत आणि पाठलाग करणारा त्यांना वळसा घालून परत फिरे. मैदान लंबवर्तुळाकार होते : मध्यरेषा ४४ यार्ड, रुंदी १७ यार्ड. गडी बाद केला की दहा गुण मिळत. पुढे मैदान आयताकृती झाले, टोकांना खांब उभे राहिले आणि दोन खांबांमधले अंतर २७ यार्डांवर आले.

हे आकडे आजच्या मापांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ४४ यार्ड म्हणजे सुमारे ४० मीटर. २७ यार्ड म्हणजे पावणेपंचवीस मीटर. आज दोन खांबांमध्ये साधारण २४ मीटर अंतर असते. म्हणजे लांबी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. रुंदी मात्र तेव्हा १७ यार्ड, म्हणजे साडेपंधरा मीटर होती आणि आज ती १६ मीटर आहे. शंभर वर्षांत ती जवळपास हललीच नाही.

याला कारण आहे. मध्यरेषा लांबलचक असली की बसलेल्या गड्यांमधले अंतर वाढते, खो पोचायला उशीर होतो आणि ज्याच्या पायात वेग तो सुटतो. रेषा आखूड झाली की नुसत्या वेगावर भागत नाही. हूल, पलटी आणि अंदाज यांना किंमत येते. रुंदी अशी कमी करून चालले नसते, कारण संरक्षण करणाऱ्याला वळण घेण्यासाठी, साखळी धरून, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्यासाठी मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा लागते. खेळणाऱ्यांनी जिथे अडचण होती तिथे कात्री चालवली आणि जिथे खेळ फुलत होता ती जागा राखली. नियमावलीच्या वाटचालीतला हा पहिला धडा आहे.

तीन बंधने

पुढचे बदल पारखण्यासाठी खेळाच्या आत काय चालते ते आधी जवळून पाहायला हवे. मध्यरेषेवर आठ जणी बसल्या आहेत, एक आड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. नववी पाठलाग करते आहे. समोर संरक्षण करणाऱ्या तिघींच्या तुकडीतली शेवटची मुलगी उरली आहे. ती मध्यरेषेपासून हातभर अंतरावर रेंगाळते. पाठलाग करणारी जवळ आली की ती दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे निसटते. पाठलाग करणारीला मध्यरेषा ओलांडता येत नाही. ती पलीकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारते, मोठ्याने ‘खो’ म्हणते आणि तिच्या जागी बसते. आता उठणारीने पहिले पाऊल डावीकडे टाकायचे की उजवीकडे, हे डोळ्याचे पाते लवायच्या आत ठरवायचे असते, कारण खांदा वळला की दिशा ठरली. संरक्षण करणारी त्याच पावलावर नजर ठेवून असते. कमरेतून हूल देऊन ती तिला उजवीकडे वळवते आणि स्वतः डावीकडे निघते. उठलेलीला आता मागे फिरता येत नाही. खांबापर्यंत धावत जाऊन वळसा घ्यायचा, नाहीतर वाटेतल्या कुणाला तरी खो द्यायचा, एवढेच दोन मार्ग तिच्यासमोर उरतात.

पाठलाग करणाऱ्यावर अशी तीन बंधने आहेत. एकदा घेतलेली दिशा खांबाला वळसा घालेपर्यंत बदलायची नाही. मध्यरेषा ओलांडायची नाही. आणि मागून खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचे नाही. संरक्षण करणारा या तिन्हींतून मोकळा असतो. नऊ जणांविरुद्ध तिघांची तुकडी उतरते, तरी सामना बरोबरीचा होतो तो या बंधनांमुळे. ज्याचे हातपाय नियमाने बांधले आहेत त्याला सोडवायला सोबती लागतो, आणि सोबत्याला हाक द्यायची रीत म्हणजे खो. खेळाला नाव मिळाले ते या देण्याघेण्यावरून.

मैदानाची लांबी, डावाची वेळ, गुणांचा भाव, गड्यांची संख्या ही सगळी मापे आहेत. ती बदलली तर खेळ जलद किंवा संथ होतो, सोपा किंवा अवघड होतो. बंधने बदलली तर खेळच दुसरा होतो. शंभर वर्षांचे बदल या कसोटीवर घासून पाहिले तर बरेचसे वाद आपोआप मिटतात.

१९३५ : पहिली आवृत्ती

१९२८ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. गावोगावी वेगवेगळ्या पद्धतींनी खेळल्या जाणाऱ्या देशी खेळांना एका नियमाखाली आणण्याचे काम या मंडळाने हाती घेतले. जाणकारांशी चर्चा करून, खेळाचे बारकाईने निरीक्षण करून मंडळाने १९३५ साली आट्यापाट्या आणि खो-खो यांच्या नियमांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मैदानाच्या मापांत किरकोळ फेरफार झाले. बंधनांना हात लागला नाही. १९४०च्या दशकात या पुस्तकाची पुन्हा दुरुस्ती झाली आणि मैदान आजच्या रूपाच्या जवळ आले.

या कामाचे मोल मोठे आहे. तोपर्यंत पुण्याचा संघ साताऱ्याला गेला की सामन्याआधी नियमांवर बोलणी करावी लागत. छापील पुस्तक आल्यावर मास्तर बदलला, गाव बदलले तरी खेळ तोच राहिला. नियमांचे पुस्तक ही त्या अर्थाने एक संस्थाच असते. तिची इमारत नसते, पण तिच्या भरवशावर अनोळखी माणसे एका मैदानावर उतरतात.

१९३५ हे वर्ष इंदूरच्या मराठी माणसाच्या लक्षात राहते ते आणखी एका कारणाने. त्या वर्षीचे मराठी साहित्य संमेलन इंदूरला झाले आणि अध्यक्षस्थानी होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी आयुष्य वेचलेला हा माणूस साहित्याच्या व्यासपीठावर बसला होता. शरीर कमावणे आणि भाषा जपणे ही त्या पिढीला एकाच कामाची दोन अंगे वाटत होती, हे त्यावरून कळते. पुढच्याच वर्षी, १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. खेळ गावाबाहेर, प्रांताबाहेर, देशाबाहेर न्यायचा तर लिहिलेले नियम हवेत, ही गरज त्या काळात सगळ्यांनाच पटली होती.

इंदूर, १९६३-६४

१९५०च्या दशकाच्या मध्याला भारतीय खो-खो महासंघ स्थापन झाला आणि नियमावलीची जबाबदारी प्रांताकडून देशाकडे गेली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. ती फक्त पुरुषांची होती. १९६०-६१ मध्ये कोल्हापूरला महिलांची स्पर्धाही सुरू झाली. त्यानंतर १९६३-६४ची राष्ट्रीय स्पर्धा इंदूरला झाली, आणि तिथे वैयक्तिक पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. सर्वोत्तम पुरुष खेळाडूला ‘एकलव्य’, सर्वोत्तम महिला खेळाडूला ‘झाशीची राणी लक्ष्मीबाई’.

इंदूरला तोवर खेळाची मोठी परंपरा होती, पण ती दरबाराची होती. सी. के. नायडू यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, तो यशवंतराव होळकरांच्या आश्रयावर. संस्थान विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश आकाराला आला आणि होळकर संघ इतिहासजमा झाला. खो-खोला राजाश्रय नव्हता. तो शाळांच्या पटांगणावर, मोहल्ल्यांतल्या मंडळांत, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या हौसेवर वाढला. अशा शहरात राष्ट्रीय स्पर्धा भरावी आणि तिथे खेळाडूच्या वैयक्तिक गुणांना पहिल्यांदा मान मिळावा, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे.

या बदलाकडे नियमांच्या नजरेनेही पाहायला हवे. सांघिक खेळात एकट्याचा गौरव केला तर खेळाडू स्वतःपुरते खेळू लागतील, अशी शंका घेता आली असती. खो-खोत ती धास्ती कमी आहे, कारण इथे एकट्याचे कर्तृत्वही संघाच्याच खात्यात जमा होते. संरक्षण करणारा किती मिनिटे टिकला, आक्रमण करणाऱ्याने किती गडी बाद केले, हे गुणपत्रिकेत खेळाडूवार लिहिलेले असते. वर्तमानपत्रातही ‘दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण आणि तीन गडी’ असेच छापून येते. एकलव्य पुरस्काराने मैदानावरचा एकही नियम बदलला नाही, पण चांगले खेळण्याला नाव दिले. आवृत्तीत भर घालावी ती अशी. पुढे १९७० साली बडोद्याच्या सुधीर परब यांना खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राबाहेरच्या आणखी एका मराठी वस्तीच्या शहराकडे हा मान गेला.

त्यानंतरच्या दशकांत बदल होत राहिले. दहाच्या जागी प्रत्येक गड्यामागे एक गुण आला. नऊ मिनिटांच्या पाळ्या रूढ झाल्या. तीन-तीनच्या तुकड्या उतरवण्याची पद्धत पक्की झाली. मैदानाची मापे मीटरमध्ये आली आणि एकूण लांबी २९ वरून २७ मीटर झाली. १९९६ साली कोलकात्याला पहिली आशियाई स्पर्धा झाली, २०१६च्या दक्षिण आशियाई खेळांत खो-खोला पदके मिळाली. हे सगळे बदल मापांचे होते, म्हणून जुना खेळाडू नव्या पुस्तकाशी दोन दिवसांत जुळवून घेऊ शकला.

वजीर आला

२०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. दूरचित्रवाणीसाठी खेळ नव्याने आखला गेला. मैदानावर नऊऐवजी सात आक्रमक, नऊऐवजी सात मिनिटांची पाळी, आखूड मैदान, सूर मारून किंवा खांबावरून झेपावून गडी टिपला तर जास्त गुण. एखादी तुकडी ठरावीक वेळ टिकली तर संरक्षण करणाऱ्यांनाही गुण. त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे वजीर : असा एक आक्रमक, ज्याला दिशेचे बंधन नाही. ‘पॉवरप्ले’ या खास टप्प्यात असे दोन वजीर.

या लीगचे ऋण मान्य केले पाहिजे. गावाकडच्या, शेतकरी आणि मजूर घरांतल्या मुलांना या खेळातून पैसा मिळू लागला. घराघरांत संध्याकाळी खो-खो दिसू लागला. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असे एका गुणाने हरवले, तेव्हा खेळ न कळणाऱ्यांनीही श्वास रोखून पाहिले. या लाटेवरच जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवले, पुरुषांनी ५४-३६ आणि महिलांनी ७८-४०. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

आता हे बदल कसोटीवर घासून पाहू. सात मिनिटे, सात गडी, आखूड मैदान ही मापे आहेत. त्यांना हरकत नाही. ड्रीम रनचे तर मी मनापासून स्वागत करतो, कारण नुसत्या टिकून राहण्याला पहिल्यांदा गुणफलकावर स्वतंत्र जागा मिळाली. वजिराची गोष्ट वेगळी आहे. त्याने पहिले बंधनच उचलले. ज्याला मागे फिरता येते त्याला हुलीचे भय उरत नाही, आणि ज्याला हुलीचे भय नाही त्याला खो देण्याची निकड नाही. समोरच्या मुलीने खांद्याच्या एका झटक्याने दोन आक्रमकांना चुकीच्या बाजूला धाडावे, ही या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट. वजिरापुढे तिची धार बोथट होते.

इतरांचे अनुभव

किती बदलायचे, हा पेच फक्त आपला नाही. टेबलाभोवती बसून फासे टाकत, आपापल्या पात्रांची गोष्ट रचत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्याच्या नियमांचीही अनेक पुस्तके निघाली. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने इतके बदलले की खेळणाऱ्यांचा एक मोठा गट जुन्या पुस्तकालाच धरून राहिला. दुसऱ्या प्रकाशकाने जुन्या नियमांवर बेतलेला ‘पाथफाइंडर’ २००९ साली बाजारात आणला आणि तो जोरात चालला. मूळ प्रकाशकांनी त्यातून धडा घेतला. २०१२ पासून नव्या नियमांचा कच्चा मसुदा खेळणाऱ्यांच्या हाती देऊन त्यांची मते मागवली आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती काढली. २०२४ सालची सुधारणा करताना तर जुनी पुस्तके नव्या नियमांबरोबर चालतील याची काळजी घेतली. लोक आधी काय खेळत होते हे विचारले, मग बदलले, म्हणून खेळणारे परत आले.

आपल्या कबड्डीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग आली आणि चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, ‘करो या मरो’ची चढाई आली. सामने रंगतदार झाले. पण एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत जाण्याची कसोटी मात्र प्रेक्षकांच्या नजरेआड गेली. वेळ मोजायचे काम पूर्वी चढाई करणाऱ्याच्या छातीतला दम करत असे, ते आता घड्याळाकडे गेले. त्यातून खूप मिळाले, थोडे हरवलेही. खो-खोने दोन्ही बाजू पाहून पाऊल टाकावे.

पुढच्या आवृत्तीसाठी

नियम बदलण्याचा खर्च सर्वांत जास्त कुणाला येतो, हे बैठकीत बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. लीगच्या संघाला मॅटवर नवी रेष चिकटवायला तासभर लागतो. माळव्याच्या काळ्या मातीच्या पटांगणावर, जिथे उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि पावसात पाय रुततात, तिथे शाळेचा शिक्षक आधी मुरूम टाकून, रोलर फिरवून मैदान तयार करतो. मग खांबांसाठी खड्डे खणून, चुन्याने पाट्या, म्हणजे मध्यरेषेला छेदणारे आडवे पट्टे आखतो. खांब अर्धा मीटर सरकला की सगळे पुन्हा करावे लागते. मुलांनी वर्षभर घोटलेला अंदाज, किती पावलांवर पाटी येते याचा, तोही पुन्हा बसवावा लागतो. हे कष्ट वाया जाऊ नयेत अशी अपेक्षा रास्त आहे.

यासाठी चार गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, मापांचा कोणताही बदल आधी एक हंगाम शालेय आणि जिल्हा स्पर्धांत, माती आणि मॅट दोन्हींवर, करून पाहावा. १९३५च्या मंडळाने निरीक्षणानंतरच पुस्तक छापले होते. ती शिस्त आज पाळणे अधिक सोपे आहे. दुसरी, नव्या पुस्तकात प्रत्येक बदलाशेजारी जुना नियम आणि बदलाचे कारण छापावे, म्हणजे शिक्षकाला मुलांना ‘का’ ते सांगता येईल. तिसरी, एकदा आवृत्ती निघाली की निदान काही वर्षे तिला धक्का लावू नये. परिपत्रकामागून परिपत्रक निघाले की पंचही गोंधळतात आणि दूरच्या गावांपर्यंत अर्धवट नियम पोचतात. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, दिशा, मध्यरेषा आणि मागून खो या तीन बंधनांना मूळ नियमावलीत कुणी हात लावू नये.

वजिराला लीगमध्ये त्याची जागा असू द्या. तिथे तो शोभतो, गर्दी खेचतो, खेळाडूंच्या घरात चार पैसे येतात. पण शाळेच्या मैदानावर दहा-बारा वर्षांची मुले जे शिकतात ते नऊ जणांनी मिळून एकाला पकडण्याचे कसब आहे. आपली वाट अडली की थांबून पलीकडच्याला हाक द्यायची, स्वतः त्याच्या जागी बसायचे आणि पुन्हा आपली पाळी येण्याची वाट पाहायची. हे शिक्षण बंधनांतून मिळते, मोकळीकीतून नाही. डेक्कन जिमखान्यापासून भारतीय खो-खो महासंघापर्यंत ज्यांनी ज्यांनी हे पुस्तक दुरुस्त केले, त्यांनी आकडे बदलले आणि बंधने जपली. पुढची आवृत्ती काढणाऱ्यांनीही तेवढे करावे, बाकी जे बदलायचे ते खुशाल बदलावे.